कुरिअर नव्हतं, मग ट्यूलिप पोचलं कसं?

प्रश्न: ट्यूलिप, बटाटा हे सगळं १६व्या शतकात युरोपभर पसरलं म्हणे. तेव्हा ना सीड कंपन्या ना कुरिअर, मग बी एका देशातनं दुसऱ्या देशात जायचं कसं? विकत मिळायचं का?

उत्तर: थोडंफार मिळायचं, पण दुर्मिळ माल फिरायचा तो ओळखीपाळखीतनंच. या जाळ्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसिअस. आधी व्हिएन्नात बादशहाची बाग बघायचा, १५९३ला नेदरलँड्समधल्या लायडनला आला आणि तिथल्या युनिव्हर्सिटीची बाग उभी केली. त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे १५०० पत्रं आजही आहेत आणि लिहिणारे सगळे प्रोफेसर नाहीत बरं का, डॉक्टर, औषधविके, सरदार, शिवाय बागेचं वेड असलेल्या बायका, मारी द ब्रिमू ही तर चक्क राजकुमारी!

बटाट्याचंच बघा. पोपच्या राजदूताबरोबरच्या कुणीतरी तो बेल्जियममधल्या माँसच्या गव्हर्नरला, फिलिप द सिव्रीला दिला, आणि त्याने १५८८मध्ये दोन बटाटे आणि झाडाचं एक फळ क्लुसिअसला पाठवलं. इतकंच. त्यातनं त्याने रोपं केली आणि पुढे इतरांना वाटली.

टपाल हळू, त्यामुळे व्यापारी, राजदूत, जो कोणी त्या बाजूला निघालाय त्याच्या सामानात पुडी सरकवायची. जिवंत रोप वाटेतच मरायचं, पण सुकं बी आणि पानं वाळल्यावर काढलेला कंद आरामात टिकतो, आणि माझ्या मते कंदांची एवढी चलती झाली त्यात या गोष्टीचा मोठा हात आहे. अर्थात पोचलं म्हणजे जगलं असं नाही. क्लुसिअसनेच लिहून ठेवलंय, अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला इस्तंबूलहून कापडाबरोबर ट्यूलिपचे कंद आले, त्याने कांदे समजून तेल-व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले कोबीच्या वाफ्यात पुरले, त्यातले थोडे एका बागवेड्याने वाचवले म्हणून बरं.

पैशाचं म्हणाल तर क्लुसिअसला विक्री आवडायची नाही, हिशोब परतफेडीचा: मी दिलं, आता तुमच्याकडे नवीन काय ते पाठवा. नुसतंच घेणाऱ्याला पुढे कोण विचारणार? मग चोऱ्या व्हायच्या, खुद्द त्याच्याच बागेतनं कंद गेलेत.

उघड दर लावून धंदा कसा चालायचा, त्याचं १८व्या शतकातलं एक उदाहरण बघा. फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी जॉन बार्ट्रम लंडनच्या कापडव्यापारी पीटर कॉलिन्सनमार्फत अमेरिकन झाडांच्या बियांच्या पेट्या पाठवायचा, साधारण शंभर प्रकार एका पेटीत, दर ५ गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं).