‘सेंटली’ खोडून ‘सँक्टिमोनियस’

होली, सेक्रेड आणि सँक्टिमोनियस या तिन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ पवित्र असाच असेल, तर कोणताही वापरला तरी काय बिघडते, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोहोंत फार बिघडत नाही. तिसऱ्याने मात्र माणसाची बदनामी होते, हे मी स्वानुभवाने सांगते.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षकांवरील मृत्युलेखाचा मी इंग्रजीत अनुवाद केला होता. मूळ लेखातील ‘सात्त्विक’ या शब्दासाठी मी बराच विचार करून ‘सेंटली’, म्हणजे संतासारखे, हा शब्द योजला. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो फारच साधा वाटला, म्हणून त्यांनी मला न विचारता तेथे ‘सँक्टिमोनियस’ केले आणि अंक तसाच छापला गेला. या शब्दाचा अर्थ सोवळेपणाचा आव आणणारा असा होतो. दुसऱ्याच दिवशी त्या शिक्षकांच्या कन्येचा दूरध्वनी आला. “माझे वडील ढोंगी होते, असे आपल्याला म्हणायचे आहे का?” अनुवादक म्हणून नाव माझे असल्यामुळे उत्तरही मलाच द्यावे लागले.

सहकारी मात्र शेवटपर्यंत हटले नाहीत. लॅटिनमधील ‘सँक्टिमोनिया’ म्हणजे पावित्र्यच, हे त्यांचे पालुपद. मी त्यांना शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकातील सँक्टिमोनियस सागरी लुटारू दाखवला, जो बायबलमधील दहा आज्ञा बरोबर घेऊन समुद्रावर जातो, पण त्यांतील चोरी न करण्याची तेवढी खरवडून टाकतो. त्यावर ते नुसते हसले.

राहिले होली आणि सेक्रेड. होली हे विशेषण ईश्वराला किंवा साधुपुरुषाला लागते आणि पावित्र्य त्याच्या अंगचेच आहे असे सुचवते. सेक्रेडमध्ये कोणीतरी ती गोष्ट पवित्र मानून वेगळी राखल्याचा भाव असतो. म्हणूनच 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांनी आपली प्रतिष्ठा ‘सेक्रेड’ म्हणून पणाला लावली. तेथे ‘होली’ विचित्र दिसले असते. अर्थात ‘होली बुक’ आणि ‘सेक्रेड बुक’ दोन्ही चालतात, त्यामुळे ही रेषा फार ताणू नये.

एक गोष्ट मान्य करायला हवी. त्याच शेक्सपिअरने ‘द टेम्पेस्ट’मध्ये विवाहविधींना सँक्टिमोनियस म्हटले आहे आणि तेथे अर्थ खरोखरच पवित्र असा आहे, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आमचे सहकारी बरोबर ठरले असते. तरीही दुसऱ्याचा शब्द खोडण्यापूर्वी त्याला विचारायचे असते, एवढे त्यांनी आजतागायत मान्य केलेले नाही.