दंगलीनंतर नेते येतात, बोलतात, जातात. त्यानं फरक पडतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की शहरात दंगल पेटली की सगळ्या पक्षांचे नेते तीच ती ठरलेली वाक्यं का बोलतात, आणि त्यांच्या भेटींनी खरंच काही होतं का. मी धुळ्याचा. पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. राजकारणातलं फार कळतं असा दावा नाही, पण 2008 चा ऑक्टोबर आणि 2013 चा जानेवारी, असे दोन कर्फ्यू या गावात काढलेत. त्यातून जे दिसलं ते सांगतो.

6 जानेवारी 2013, रविवार. मच्छीबाजारकडे हॉटेलच्या बिलावरून बाचाबाची झाली, त्यातून दगडफेक, जाळपोळ आणि मग पोलिसांचा गोळीबार. सहा तरुण गेले, सहाही मुसलमान. नंतर मोबाइलवरचे व्हिडिओ बाहेर आले. त्यात वर्दीतलीच माणसं गाड्या फोडताना दिसली आणि काही पोलिसांना अटकही झाली. मुख्यमंत्री होते पृथ्वीराज चव्हाण, गृहमंत्री आर. आर. पाटील, आणि विरोधी पक्षनेते आपल्याच खानदेशातले एकनाथ खडसे. न्यायालयीन चौकशी जाहीर झाली.

माझ्या दुकानात तेव्हा तीन मोटारी उघड्या पडल्या होत्या. जुनी तार काढून झालेली, नवी भरायची बाकी. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. साक्रीकडचा एक शेतकरी रोज फोन करायचा, "भाऊ, मोटार कव्हय देशी?" त्याला काय सांगणार? इकडे टीव्हीवर "कोणाचीही गय केली जाणार नाही" सुरूच. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा त्याचा एवढा उपयोग असतो हे बाईंनी सांगितलं नव्हतं. गय कोण करणार नाही? कोणाची? वाक्यात कर्ताच नाही.

दुसरं वाक्य, "बाहेरून आलेल्या लोकांनी केलं." हे सगळेच पक्ष बोलतात, कारण आतले लोक मतदार असतात. आपल्या वॉर्डातल्या पोरानं दगड मारला असं म्हणणारा नगरसेवक मी तरी अजून पाहिलेला नाही. तिसरं, "अफवांवर विश्वास ठेवू नका." हे बरोबरच आहे, पण अफवेला मोबाइल लागतो हा समज चुकीचा. 7 मे 1970 ला भिवंडी पेटली आणि दुसऱ्या दिवशी, 8 मेला, जळगाव. मध्ये पावणेचारशे किलोमीटर रस्ता आणि फोन मोजक्या घरांत. जळगावात 43 माणसं गेली, त्यातली 42 मुसलमान. आज इंटरनेट बंद केलं की प्रशासनाला वाटतं निम्मं काम झालं.

आता मुद्द्यावर येतो. नेत्याचं खरं वागणं कॅमेऱ्यासमोर कळत नाही, ते पोलीस ठाण्यात कळतं. दंगलीची फिर्याद कशी असते माहीत आहे? पाच-दहा नावं, आणि पुढे "व इतर दोनशे ते अडीचशे अज्ञात इसम". हे "अज्ञात" फार सोयीचं असतं. त्यात महिनाभर कोणाचंही नाव घालता येतं आणि कोणाचंही बाहेर ठेवता येतं. पहिल्या दोन-तीन रात्री धरपकड चालू असते तेव्हा ठाण्यातला फोन सारखा वाजत असतो. "तो आपला आहे, त्याला बसवून ठेवू नका." ज्याच्यासाठी फोन करणारं कोणी नाही त्याचं नाव कागदावर राहतं. दोन्ही बाजूंना हेच चालतं, त्यात धर्माचा प्रश्न नाही. माझ्या ओळखीच्या एका पोराला असंच उचललं होतं. त्याची चूक एवढीच की तो आईचं औषध आणायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. आईनं तीन नेत्यांच्या घरी चकरा मारल्या. एकानं चहा पाजला.

पुढे खटला वर्षानुवर्षं चालतो. मग सरकारी वकिलामार्फत खटला मागे घ्यायची सोय कायद्यात आहेच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 321 होतं, नव्या संहितेत 360 आहे. कोर्टाची परवानगी लागते, पण अर्ज कोणाच्या खटल्यात करायचा ते मंत्रालयात ठरतं. म्हणून म्हणतो, भेटीच्या दिवशी नेता काय बोलला यापेक्षा पाच वर्षांनी त्यानं कोणाचे खटले मागे घ्यायला पत्र दिलं ते बघा.

आयोगाचंही तसंच. 1970 च्या दंगलींवर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, सात खंडांचा अहवाल आला, पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट लिहिलं. मुंबईच्या 1992-93 वर न्यायमूर्ती श्रीकृष्ण बसले. मध्येच शिवसेना-भाजप युती सरकारनं आयोग गुंडाळला, मग पुन्हा सुरू केला. अहवाल फेब्रुवारी 1998 मध्ये दिला, विधिमंडळात ठेवला ऑगस्टमध्ये, आणि तोही एकतर्फी म्हणून नाकारूनच. 1952 चा चौकशी आयोग कायदा सांगतो की सहा महिन्यांत अहवाल सभागृहात ठेवा, सोबत काय कारवाई केली तेही सांगा. शिफारशी पाळाच असं मात्र सांगत नाही. त्यामुळे "आयोग नेमला" या घोषणेत नेत्याला काहीच धोका नसतो.

बाहेरच्या देशात वेगळं असतं असं समजू नका. 2011 च्या ऑगस्टमध्ये लंडन पेटलं तेव्हा पंतप्रधान कॅमेरून इटलीत सुट्टीवर होते आणि महापौर जॉन्सनही सुट्टीवर. दोघं धावत परत आले. तिथं उलटी तऱ्हा झाली. कोर्टं रात्रभर चालवली आणि पाण्याच्या बाटल्या चोरणाऱ्या एका पोराला सहा महिने आत टाकलं. आपल्याकडे तेवढ्या वेळात जबाबाच्या नकलासुद्धा मिळत नाहीत.

सगळेच नालायक असंही म्हणणार नाही. 12 मार्च 1993 ला मुंबईत बाँबस्फोट झाले तेव्हा शरद पवारांना मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी टीव्हीवर स्फोटांच्या यादीत मशीद बंदर या मुसलमान वस्तीच्या भागाचं नाव मुद्दाम घातलं, जिथं स्फोट झालाच नव्हता. फक्त हिंदू वस्त्यांवर हल्ला झाला असं वाटून पुन्हा कत्तल सुरू होऊ नये म्हणून खोटं बोललो, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. मुख्यमंत्र्यानं खोटं बोलावं का, यावर आमच्या दुकानात दोनदा भांडण झालंय. मला ते खोटं पटतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत नऊशे माणसं गेली होती, जखम ओली होती.

दुसरं उदाहरण भिवंडीचंच, आणि त्यात पुढारी जवळजवळ नाहीतच. 1970 आणि 1984 असं दोनदा जळालेलं गाव. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या केल्या. त्यात खादीवाले कमी, गल्लीतली साधी माणसं जास्त, दोन्ही धर्मांची. डिसेंबर 1992 मध्ये शेजारची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. आमच्याकडच्या शांतता समितीच्या बैठकीला मी एकदा गेलो होतो. गणपती आणि ईद जवळजवळ आल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, बिस्किटं, पहिल्या रांगेत तेच सात-आठ पुढारी, शेवटी एकमेकांना हार. ज्या वयाची पोरं दगड मारतात त्या वयाचं तिथं कोणी नव्हतं. चहा देणारा एक होता.

भेटींनी काय होतं हे विचारलंत, तर माझ्या ओळखीच्या एका टायरवाल्याचं सांगतो. त्याच्या जळालेल्या दुकानासमोर दोन दिवसांत दोन नेत्यांच्या गाड्या थांबल्या. नंतर पंचनामा झाला, आणि नुकसानीच्या अर्जाला मालाची बिलं जोडा म्हणाले. बिलं दुकानातच होती. पुढे काही महिन्यांनी भेटला तेव्हा मी विचारलं, काय झालं? अहिराणीत म्हणाला, "उनात (आले), फोटू काढात, ग्यात. मन्हं शटर अजून तसंच शे."

साक्रीवाल्याची मोटार मी कर्फ्यू शिथिल झाल्यावर दोन तासांच्या सवलतीत भरून दिली. तोवर त्यानं दुसऱ्याची भाड्यानं आणली होती.