आधी वजाबाकी बघ

तुझा मेल वाचला, जमिनीत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या दोन्ही सिस्मिक इमेज पण पाहिल्या. एकीत थर कसे गुळगुळीत आणि दुसरीत नुसते ठिपकेच ठिपके, आणि तू विचारतेस यातलं खरं काय आणि कचरा काय, वर सेपरेशनला, म्हणजे थरांवरून परतलेलं रिफ्लेक्शन आणि बारीक वस्तू-कडांवरून विखुरलेलं डिफ्रॅक्शन वेगळं करायला, न्यूरल नेटवर्क लावू का. लाव गं काय लावायचं ते, पण सेपरेशनने काय काढलं ते बघितलंस का? मेलमध्ये वजाबाकीचा, म्हणजे मूळमधून फिल्टरनंतरचं वजा करून काय काढलं ते दाखवणारा, सेक्शनच (जमिनीच्या उभ्या छेदाचं चित्र) नाहीये!

खडकातला लहरींचा वेग 3000 मीटर प्रति सेकंद, फ्रिक्वेन्सी 30 हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी 100 मीटर. तू जमिनीखाली शोधतेस ती गुहा 20 मीटरची. ती थरासारखी छान रेघ काढून दाखवणार नाही, ती ऊर्जा चहूकडे विखुरणार आणि स्टॅकवर (अनेक नोंदींची बेरीज करून बनवलेल्या सेक्शनवर) कमानीसारखा हायपरबोला उमटणार, तोही शेजारच्या रिफ्लेक्शनपुढे अगदी फिका. आता तू थरांचा उतार धरून प्लेन-वेव्ह डिस्ट्रक्शन, म्हणजे त्या उताराच्या रेघा पुसणारा फिल्टर, लावलंस, आडवे थर गेले, पण हायपरबोलाचा माथाही आडवाच असतो ना, तोही त्यांच्याबरोबर गेला. हे कळणार कुठे? काढलेल्यात. फॉल्टच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, कडेचं तर आणखी वाईट, कडेच्या दोन बाजूंना पोलॅरिटी (लहरीचं अधिक-उणे) उलटी, सरळ बेरीज केलीस की एकमेकांना खाऊन टाकतात.

फॉल्ट शोधायला डिफ्रॅक्शन महत्त्वाचं हे क्रे यांनी 1952 मध्येच लिहिलंय, 2007 मध्ये फोमेल, लांडा आणि टॅनर यांनी ते वेगळं काढून त्यावरून व्हेलॉसिटी (लहरींचा वेग) काढून दाखवली. तरी अजून लोक त्याला नॉइज म्हणून उडवतात.

प्रत्येक फिल्टरनंतर मी डिफरन्स प्लॉट, म्हणजे हीच वजाबाकी, मागतो म्हणून ज्युनियर वैतागतात, मला स्लो म्हणतात. म्हणू देत. एका प्रोजेक्टवर डेडलाइनच्या नावाखाली डिप फिल्टर (ठरावीक उताराचं काढून टाकणारा) दामटून मारला, मी वजाबाकी मागितली तर म्हणे डिस्कवर जागा नाही, आणि पुढे मूळ टेपही वाचल्या जाईनात. ती सर्व्हेची लाइन गेली ती गेलीच, अजून सलतं मला. हट्टी म्हण हवं तर, पण काढलेलं बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

तेव्हा ठिपके मोजत बसू नकोस. त्यातले चार निवड, डिप-अँगल गॅदर्स (एकाच जागेची ऊर्जा उताराच्या कोनानुसार मांडलेली चित्रं) काढ. व्हेलॉसिटी बरोबर असेल तर डिफ्रॅक्शन तिथे सपाट दिसतं, रिफ्लेक्शन वाटीसारखं वाकतं. ठिपकाही वाकला तर आधी व्हेलॉसिटी तपास, मग गुहेचं बोलू. आणि वजाबाकी पाठवशील ती मूळ सेक्शनच्याच स्केलवर, ऑटो-गेन (फिकं आपोआप ठळक करणारं) लावून अजिबात नको, गेन लावला की सगळंच महत्त्वाचं दिसायला लागतं.