पहिले १२ आठवडे : परदेशी वॉर्डात रुजताना

प्रश्न : सांगलीत ९ वर्षं आयसीयूत काम केलं. आता इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथली सरकारी आरोग्यसेवा) वॉर्डात रुजू झाले आहे. इथे साधं इंट्राकॅथही (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) लावू देत नाहीत आणि लॅबचे रिपोर्ट वाचताना गडबडायला होतं. मी कुठे कमी पडतेय?
– एक परिचारिका, लीड्स

उत्तर : कुठेही नाही. एनएमसीचा (तिथली नर्सची नोंदणी करणारी परिषद) पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नोंदणीकृत नर्स नसता. म्हणून एकटीने औषधं देता येत नाहीत आणि पगारही तोवर बहुतेक ठिकाणी बँड (वेतनश्रेणी) ३ किंवा ४ चा असतो. पिननंतर बँड ५. इंट्राकॅथ लावणं, रक्त घेणं यासाठी मात्र पिन आला तरी त्या रुग्णालयाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, देखरेखीखाली करून दाखवून सही मिळवावी लागते. तिथेच शिकलेल्या नर्सनाही हे चुकत नाही. प्रशिक्षणाची तारीख आत्ताच मागून ठेवा, जागा लवकर भरतात.

रिपोर्टचा गोंधळ एककांचा आहे. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये, तिथे मिलिमोलमध्ये; १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. मीटरवर ३.६ दिसलं तर ती आपली ६५. चारच्या खाली म्हणजे साखर उतरली, लगेच १५ ते २० ग्रॅम साखर जाईल असं काहीतरी द्यायचं आणि १० ते १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हिमोग्लोबिन ८२ म्हणजे आपलं ८.२. क्रिएटिनिन ८८ म्हणजे आपलं १. ताप सेल्सियसमध्ये : ३८ म्हणजे १००.४. हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून ओळखपत्रामागे ठेवा. महिनाभरात चिठ्ठी लागणार नाही.

आणखी एक. आपल्याकडे प्रत्येक नर्स ‘सिस्टर’. तिथे सिस्टर हा हुद्दा आहे, वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ नर्सचा. बाकी सगळ्यांना, बहुतेक डॉक्टरांनाही, नावाने हाक मारतात. सुरुवातीला जीभ वळत नाही, पण त्यात उद्धटपणा नाही.

प्रश्न : माझ्या वॉर्डात भारतातून दोघी नर्स आल्या आहेत. हुशार आहेत, पण काहीही सांगितलं की मान डोलावतात आणि विचारत काहीच नाहीत. त्यांना बोलतं कसं करू?
– एक वॉर्ड मॅनेजर, लेस्टर

उत्तर : ‘समजलं का?’ हा प्रश्न आधी बंद करा. मोठ्यांनी असं विचारलं की ‘हो’ म्हणायचं, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. त्याऐवजी ‘आता तू आधी काय करशील, सांग’ असं विचारा; कुठे अडलंय ते त्यांच्याच तोंडून कळेल.

डॉक्टरांना फोन करायची भीती सर्वांत खोल असते, आणि पेशंटच्या जिवावर बेतते तीच. ज्या वॉर्डांत ज्युनियरने फोन केला की ओरडा बसतो, तिथून आलेल्या नर्सला ‘केव्हाही बोलाव’ एवढं सांगून भागत नाही. तिला न्यूज-२ चा, म्हणजे रुग्णाची तब्येत किती बिघडतेय ते गुणांत मोजणारा, तक्ता दाखवा. आपल्या टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टसारखाच, फक्त श्वास, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन सुरू आहे का, बीपी, नाडी, रुग्ण शुद्धीवर आहे का आणि ताप या प्रत्येकाला गुण. बेरीज ५ झाली की तातडीने बोलवायचं, ७ झाली की आणीबाणी. म्हणजे बोलवायचं की नाही हे तिच्या हुद्द्यावर नाही, आकड्यावर ठरतं. मग तुमच्यासमोर खोटा फोन करून घ्या : ‘बेड १२. स्कोअर ६, तासापूर्वी २ होता. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. मला सेप्सिसची (संसर्गाने जीव धोक्यात आल्याची) शंका आहे. तुम्ही अर्ध्या तासात येऊन बघा.’ शेवटचं वाक्य हमखास गाळलं जातं, कारण डॉक्टरांना ‘या’ म्हणणं जिभेवर येत नाही. तेवढंच पाच वेळा म्हणवून घ्या. हृदय बंद पडल्यास फिरवायचा २२२२ हा नंबर पहिल्याच दिवशी सांगा.

आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ७ बँड मिळवलेल्या मुलीलाही वॉर्डातली बोली कळेलच असं नाही. ‘पूअरली’ म्हणजे बरं वाटत नाही. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जायचंय. उत्तर इंग्लंडमधले आजोबा ‘टी झाला’ म्हणाले तर तो चहा नसून संध्याकाळचं जेवण असू शकतं. इन्सुलिन द्यायच्या वेळी हा फरक फार मोठा. हँडओव्हरमध्ये (ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती देताना) ‘टीटीओ’ म्हणजे घरी न्यायची औषधं, ‘ऑब्ज’ म्हणजे आपले व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप वगैरे). तुमच्या वॉर्डाची अशी पानभर यादी करून द्या.

ऑस्की, म्हणजे नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं गणित ड्युटी लावतानाच धरा. व्हिसाच्या नियमानुसार रुजू होण्याच्या तारखेपासून १२ आठवड्यांत पहिला प्रयत्न आणि ८ महिन्यांत नोंदणी व्हावी लागते. परीक्षेत एकूण १० स्टेशन, म्हणजे टप्पे. बहुधा नापास झालेलीच पुन्हा द्यायची. ज्ञान कमी म्हणून नापास होणाऱ्या कमी. हात धुणं विसरलं, नाव-जन्मतारीख पडताळली नाही, ॲलर्जी विचारली नाही, कागदावर सही किंवा वेळ राहिली, असंच बहुधा घडतं. परीक्षकासमोर जे करतोय ते मोठ्याने बोलायचीही सवय नसते. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात नाइट लावू नका आणि रोज अर्धा तास कुणाला तरी समोर उभं करून सराव घ्या.

प्रश्न : मुलीची निवड करून देण्यासाठी एजंट २ लाख मागतोय. द्यावेत का?
– एक पालक, अमरावती

उत्तर : देऊ नका. ब्रिटिश सरकारच्या भरती संहितेनुसार नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. एनएचएस एम्प्लॉयर्सच्या संकेतस्थळावर नैतिक भरती संस्थांची यादी आहे, त्यात त्याचं नाव शोधा. इंग्रजीची परीक्षा, सीबीटी (नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा) आणि एनएमसीची फी हे खरे खर्च. ते थेट त्या-त्या संस्थेला भरायचे, आणि पुष्कळ रुग्णालयं नंतर परत देतात. ऑफर लेटरमध्ये नोकरी लवकर सोडल्यास पैसे परत करण्याची अट असेल, तर रक्कम किती, कशाकशाची आणि दर महिन्याला किती घटते, हे सही करण्याआधी लेखी मागून घ्या.