जॅकवरचे ८ ओहम स्पीकरसाठी, अ‍ॅम्पचे स्वतःचे नव्हेत

तुम्ही विचारलंय की ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) गिटार अ‍ॅम्पच्या स्पीकर जॅकवर ८ ओहम लिहिलंय, मग त्याचा आउटपुट इम्पिडन्सही (एसी सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात) ८ ओहमच का? आणि तेच कॅबिनेट (स्पीकरचा खोका) ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला लावलं की आवाज कोरडा का होतो? दोन्हींचं मूळ एकच आहे.

जॅकवरचा आकडा फक्त कोणता स्पीकर लावायचा ते सांगतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पिडन्स निराळा, आणि तो सहसा कुठे छापत नाहीत. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये तो बहुतेक वेळा एक ओहमपेक्षाही बराच कमी असतो. व्हॉक्स एसी३० या ट्यूब अ‍ॅम्पच्या आउटपुटला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून मागे देणं) नाही, त्यामुळे तिथे तो स्पीकरच्या कितीतरी पट. फेंडर ट्विन रिव्हर्ब या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक आहे, तो इम्पिडन्सला बराच खाली ओढतो.

आता स्पीकर बघा. ‘८ ओहम’चा १२ इंची गिटार स्पीकर ८ ओहमच्या जवळ असतो तो काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यातच. ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान रेझोनन्सला (स्पीकर आपोआप सर्वात जास्त थरथरतो त्या ठिकाणी) तो ५० ओहमच्याही वर जाऊ शकतो, आणि गिटारची जाड ई तार नेमकी ८२ हर्ट्झची! वरच्या पट्टीत व्हॉइस कॉइलच्या (स्पीकर हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) इंडक्टन्समुळे तो पुन्हा चढतो. अ‍ॅम्पचा इम्पिडन्स कमी असेल तर या चढउताराने व्होल्टेज हलत नाही. जास्त असेल तर जिथे ओहम चढतात तिथे व्होल्टेजही चढतं. तुम्हाला आवडणारा तो भरीव खर्ज आणि वरची चमक तिथूनच येते; ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ते होत नाही, म्हणून आवाज कोरडा. बऱ्याच अ‍ॅम्पवरचा प्रेझेन्स नॉबही हेच करतो, वरच्या पट्टीतला फीडबॅक कमी करतो. बेस गिटारला मात्र मी कमी इम्पिडन्सच घेईन. तार दाबून सूर थांबवला की स्पीकरचा कोनही (हलणारा पडदा) लगेच थांबायला हवा.

स्वतः मोजायचं असेल तर स्पीकर काढून ८ ओहमच्या जॅकला पुरेशा वॅटचा ८ ओहमचा रेझिस्टर लावा, १ किलोहर्ट्झचा हलका, स्वच्छ सिग्नल द्या आणि एसी व्होल्टेज वाचा. अ‍ॅम्प बंद करून १६ ओहमचा लावा, नॉब न हलवता पुन्हा वाचा. ८ ओहमवर ८ व्होल्ट आणि १६वर १० आले, तर इम्पिडन्स साधारण ५.३ ओहम. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर तो अगदी कमी. १६वर दुपटीच्या जवळ गेला तर खूप जास्त. ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय (स्पीकर किंवा रेझिस्टर न लावता) मात्र क्षणभरही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दोन्ही आकडे आणि अ‍ॅम्पचं मॉडेल सांगा, पुढचं त्यावरून बघू.