निकालाच्या आधी पैशाचं बोलून घ्या

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलं म्हणून तिने अमेरिकेतल्या कॉलेजांना बॅचलर डिग्रीसाठी अर्ज केलेत, सगळीकडे स्कॉलरशिप मागितलीय. निकाल मार्चअखेर येणार म्हणते. पुढच्या आठवड्यात बोर्डाचे पेपर सुरू होतायत आणि ही पोरगी सारखी मोबाईलवर पोर्टल उघडून बघते, सीईटीचं नाव काढलं की चिडते. मिस्टर पतसंस्थेत नोकरीला, थोडी शेती आहे, वर्षाला दोन-अडीच लाखाच्या वर आमची ताकद नाही. ते या विषयावर बोलतच नाहीत, नंबर लागला तर बघू म्हणतात. नाही लागला तर हिला सांभाळायचं कसं याचीच मला झोप लागत नाही.
– एक आई, विटा

उत्तर : ताई, तुम्ही नाही लागला तर काय ते विचारलंय, पण मी आधी लागला तर काय यावर बोलणार आहे, कारण घरात खरी ओढाताण तिथे होते. मुलीला पत्र येतं, अभिनंदन, तुझी निवड झाली, आणि खालच्या ओळीत आकडा असा असतो की घरातल्या कुणालाच काय बोलावं ते कळत नाही. मग वडील नाही म्हणतात आणि मुलीच्या डोक्यात कायमचं बसतं की मला कॉलेजने घेतलं होतं, बाबांनी जाऊ दिलं नाही. हे टाळता येतं, पण निकालाच्या आधीच. म्हणून मिस्टरांचं "नंबर लागला तर बघू" मला पटत नाही.

आकडे सांगते. तिथल्या मोठ्या खासगी कॉलेजांचा फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं सगळं धरून वर्षाचा खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे आपल्याकडचे पाऊण कोटीहून जास्त, आणि असे चार वर्षं. तुम्ही अडीच लाख देऊ शकता, तर बाकीचं जवळपास सगळं कॉलेजनेच द्यायला हवं. देतात का? काही देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन आणि २०२५ च्या प्रवेशापासून ब्राउनसुद्धा, इथे परदेशी मुलांचाही अर्ज वाचताना घरची ऐपत बघत नाहीत, आणि घेतलं तर जेवढी गरज निघते तेवढी मदत करतात. पण बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत पैसे किती लागतील हे बघूनच ठरवतात, त्यांचं मदतीचं बजेट ठरलेलं असतं, आणि तुमच्या मुलीसारखी जवळपास पूर्ण मदत लागणारी मुलं तिथे अगदी थोडी घेतली जातात. म्हणजे तिथून नाही आलं तर त्यात मुलगी कमी पडली की बजेट कमी पडलं हे कुणीच सांगत नाही, कारण कळवायची पद्धतच नाही. आणि जिथे ऐपत बघत नाहीत तिथे गर्दी एवढी की हार्वर्डमध्ये शंभर अर्जांमागे चारच्या आसपासच घेतात. हे तिला आज सांगा, शांतपणे, सरांसमोर सांगितलं तरी चालेल. निकालाच्या दिवशी सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखं वाटेल, आज सांगितलं तर ती माहिती असेल.

आता मिस्टरांना घेऊन बसा. मुलगी पण हवी, तिच्यापासून लपवून अजिबात नको, सतरा-अठराची मुलगी आहे, तिने एवढे फॉर्म भरलेत, आईवडिलांच्या उत्पन्नाचे कागद तिनेच अपलोड केलेत, तिला घरची परिस्थिती तुमच्याइतकीच माहिती आहे. एका कागदावर लिहा की वर्षाला घरातून किती, कर्ज काढायचं का, काढायचं तर चार वर्षांचं मिळून जास्तीत जास्त किती. माझं स्पष्ट मत आहे की बॅचलरसाठी जमीन गहाण टाकू नये, पुढे मास्टर्स किंवा पीएचडीला पैसे मिळायचे मार्ग जास्त असतात, केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपसुद्धा मास्टर्स आणि पीएचडीसाठीच आहे. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी हरकत नाही, पण आकडा ठरवा आणि तिघांनी मान्य करा. मग पत्र आलं की त्या आकड्यात बसतंय का एवढंच बघायचं, भांडायची वेळ येत नाही.

पत्र कसं वाचायचं तेही सांगून ठेवते. ग्रँट किंवा स्कॉलरशिप लिहिलेली रक्कम परत द्यायची नसते. कॅम्पस जॉब किंवा वर्क-स्टडी लिहिलेली रक्कम मुलीला काम करून कमवायची असते, ती आधी हातात येत नाही, आणि स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. काही पत्रांत कर्जही मदतीतच मोजलेलं असतं, ते वेगळं काढा. विमानाचं तिकीट आणि विमा धरलाय का बघा. आणि एक गोष्ट जी फार कमी घरांना माहिती असते, ग्रँटमधला राहण्या-जेवणासाठीचा जो भाग असतो त्यावर तिथे टॅक्स लागतो, त्यामुळे पूर्ण स्कॉलरशिप असली तरी थोडे पैसे भरावे लागू शकतात. आकडा थोडक्यासाठी बसत नसेल तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून परत बघा म्हणून विनंती करता येते, मुलीनेच करावी, नीट कागद जोडून, उत्पन्नात खरंच काही बदल झाला असेल तर तो दाखवून. उत्तर द्यायची मुदत साधारण १ मे असते, त्यामुळे महिनाभर हातात असतो. नंतर आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म, मग व्हिसा, मुलाखतीला मुंबईत बीकेसीला जावं लागेल, त्याची चिंता आत्ता नको.

बोर्डाचं आणि सीईटीचं. तिला वाटत असेल की अर्ज गेलेत, आता बारावीचे मार्क कोण बघतंय, तर तसं नाहीये. तिथली निवड शेवटच्या निकालावर अवलंबून असते, कॉलेजं शाळेकडून फायनल मार्क मागवतात आणि फारच घसरले तर दिलेली जागा काढूनही घेऊ शकतात. म्हणजे अमेरिकेसाठीच अभ्यास करायचाय असं सांगितलंत तरी ते खोटं नाही. सीईटीचा फॉर्म भरलाय ना तेवढं आजच बघा, ८० टक्के पेपर बारावीवरच असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, बोर्डाचा अभ्यास झालेल्या मुलीला अगदी शून्यातून सुरुवात करायची नसते. तिला विज्ञानातच पुढे जायचं असेल तर आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची, आयएटी ही प्रवेश परीक्षा पण द्यायला लावा, पुण्याचं आयसर विट्यापासून चार-पाच तासांवर आहे, आणि ती दुय्यम जागा नाही, संशोधन करायचं असेल तर देशातल्या उत्तम जागांपैकी आहे. घरात आयसरचा उल्लेख "नाहीच लागलं तर" असा करू नका, मुलं हे शब्द पकडतात.

निकाल आपल्याकडे भल्या पहाटे येतात हे लक्षात असू द्या. एमआयटीचा बहुतेक वर्षी १४ मार्चला तिथल्या संध्याकाळी ६:२८ ला, म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटे चारला दोन मिनिटं कमी. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल यांच्या गटातली, आठही कॉलेजं मार्चच्या शेवटी एकाच दिवशी निकाल लावतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साधारण साडेचार वाजलेले असतात. तिला आधीच विचारून ठेवा की तू एकटी बघणार की आम्ही शेजारी बसू, आणि जे म्हणेल ते करा. नातेवाईकांना तारखा सांगू नका. सांगितल्या असतील तर मामा-काकांचे फोन त्या दिवशी तुम्ही घ्या, तिच्या हातात देऊ नका. एकापाठोपाठ नकार आले तर दोन-चार दिवस ती जेवणार नाही, बोलणार नाही, रडेल, त्यात लगेच समजावायला जाऊ नका, जवळ रहा. पण आठवडे गेले आणि तरी झोप, जेवण, बोलणं सगळं बंदच राहिलं तर न लाजता डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : मी डिसेंबरमध्ये एका कॉलेजचा अर्ली राउंडचा निकाल पाहिला, डिफर झालोय. म्हणजे नाहीच ना? नवीन काही पाठवू का?
– बारावीतला विद्यार्थी, लातूर

उत्तर : नकार असेल तर ते सरळ नकार असंच लिहितात रे, डिफर म्हणजे लवकरच्या (अर्ली) फेरीतला तुझा अर्ज आता नेहमीच्या (रेग्युलर) फेरीच्या ढिगात परत वाचला जाणार. अर्ली डिसिजनचा, म्हणजे निवड झाली तर तिथेच जाईन असं लिहून दिलेला अर्ज असेल तर ते बंधनही आता सुटलं. पोर्टलवर आधी वाच, काही कॉलेजं स्पष्ट लिहितात की जादा काही पाठवू नका, तिथे पाठवू नकोस. चालत असेल तर एकच पत्र, एका पानाच्या आत, अर्जानंतर खरंच जे नवीन झालं तेवढंच, प्रिलिमचे मार्क, एखादं पूर्ण झालेलं काम. तेच कॉलेज पहिली पसंती असेल तर तसं लिही, नसेल तर लिहू नकोस. पत्र या आठवड्यात जाऊ दे आणि मग केमिस्ट्रीचं पुस्तक उघड.

प्रश्न : मुलाने स्कॉलरशिप न मागता अर्ज केलेत, निवडीची शक्यता वाढते म्हणून. पहिल्या वर्षाचे पैसे आम्ही कसेतरी उभे करू, दुसऱ्या वर्षापासून मदत मागायची असं ठरवलंय. जमेल ना?
– एक वडील, डोंबिवली

उत्तर : दादा, हे फार धोक्याचं आहे. आय-ट्वेंटीसाठी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवले की काम होतं, म्हणून बऱ्याच घरांना वाटतं की पुढचं पुढे बघू. पण अनेक कॉलेजांचा नियमच आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर चारही वर्षं मागता येणार नाही. फी दरवर्षी वाढते, डॉलर वाढला तर तो भार वेगळाच, आणि दुसऱ्या वर्षी पैसे संपले तर मुलाला अर्धवट शिक्षण सोडून परत यावं लागेल. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाईटवर परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीचं पान असतं, ते आज मुलासोबत बसून वाचा, आणि नियम स्पष्ट नसेल तर एड ऑफिसला त्याच्याकडून सरळ विचारणा करा. जिथून नंतर मदत मिळणार नाही असं उत्तर येईल आणि चार वर्षांचा पूर्ण खर्च तुमच्या आवाक्यात नसेल, तो अर्ज मार्चच्या आधीच मागे घ्यायला सांगा.