सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड आणि जुनी मेडिक्लेम

प्रश्न : माझे वडील ७७ वर्षांचे असून आईला ७१ वे वर्ष पूर्ण झाले आहे. दोघांनाही मधुमेह व रक्तदाबाचा त्रास आहे. माझे उत्पन्न बऱ्यापैकी असले, तरी त्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता आता झेपेनासा झाला आहे. दोघांची आयुष्मान कार्डे काढली तर दहा लाखांचे संरक्षण मिळेल का, आणि मग मेडिक्लेम बंद करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपले उत्पन्न येथे आड येत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत घेतले जाते व त्याला ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. वय आधार कार्डावरूनच धरले जाते, त्यामुळे आधारवरील जन्मतारीख आधी तपासून घ्यावी. खासगी मेडिक्लेम असणाऱ्यांनाही हे कार्ड काढता येते. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना) सारख्या योजनेतील निवृत्तांना मात्र दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते.

दहा लाखांचा हिशेब मात्र बरोबर नाही. वर्षाला पाच लाखांची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला नसून कुटुंबाला आहे, म्हणजे आपल्या आईवडिलांना मिळून पाच लाख. वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेवर त्यातील मोठी रक्कम खर्च झाली, तर त्याच वर्षी आईसाठी उरेल तेवढेच उरेल. जे कुटुंब आधीपासूनच या योजनेत आहे, त्यातील सत्तरीपुढील सदस्यांना मात्र त्यांच्यापुरते आणखी पाच लाख स्वतंत्र मिळतात.

जुन्या आजारांसाठी येथे प्रतीक्षा काळ, म्हणजे संरक्षण सुरू होण्याआधी थांबण्याची अट, नाही, ही या योजनेची सर्वांत मोलाची बाजू होय. परंतु हे संरक्षण रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांचे आहे. भरतीपूर्वीच्या तीन दिवसांच्या तपासण्या व औषधे आणि घरी सोडल्यानंतरची पंधरा दिवसांची औषधे त्यात धरली जातात. दरमहा लागणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरांची नेहमीची फी आणि बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या यांचा खर्च घरूनच करावा लागतो, आणि म्हातारपणी खरी झीज याच खर्चाने होते. त्यासाठी जनऔषधी केंद्रातून जेनेरिक औषधे घेण्याबाबत आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

मेडिक्लेम बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयुष्मान कार्ड केवळ योजनेशी संलग्न रुग्णालयातच चालते, तेथे दर सर्वसाधारण वॉर्डाचे ठरलेले असतात, आणि रात्री-अपरात्री जवळच्या असंलग्न रुग्णालयात न्यावे लागले, तर तेथे भरलेले पैसे ही योजना परत देत नाही. एकदा सोडलेली पॉलिसी या वयात नव्याने घ्यायची म्हटले, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. तरीही हप्ता जड जात असल्यास विमा रक्कम थोडी कमी करावी, पण पॉलिसी चालू ठेवावी.

कार्ड आजारपण येण्याची वाट न पाहता आताच काढून ठेवावे. आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे यंत्रावर पुष्कळदा उमटत नाहीत. अशा वेळी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने काम होते, म्हणून तो मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे आधी पाहावे. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून तो उपचार तेथे योजनेत बसतो का आणि पूर्वमंजुरी मिळाली का, हे विचारून मगच भरती व्हावे. मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. कोणी मागितल्यास पैसे भरण्याआधी १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.